लॉकडाऊन आणि पोरांची झोप: रात्रीचा एक वाजतो, काय करावं?

केतकी_ठाणे | १८ एप्रिल २०२०

नमस्कार मंडळी. आमची लेक साडेतीन वर्षांची. शाळा बंद झाल्यापासून तिची झोप जी पुढे सरकायला लागली ती थांबायचं नाव घेत नाही. आधी साडेनऊ, मग अकरा, आता रात्रीचा एक. सकाळी दहाच्या आत उठत नाही. दुपारी चारला पेंगते, सहाला उठते आणि रात्री बारा वाजता हिला भातुकली मांडायची असते.

घर वन बीएचके. नवऱ्याचं काम अमेरिकेतल्या क्लायंटचं, त्यामुळे त्याचे कॉल संध्याकाळी साडेसातला सुरू होतात ते मध्यरात्रीपर्यंत. तो बेडरूमचं दार लावून बसतो, आम्ही दोघी हॉलमध्ये. ही थोड्या थोड्या वेळाने दारापाशी जाऊन "बाबा, पाणी" करते. माझ्या हातचं पाणी चालत नाही.

खाली न्यायची सोय नाही, सोसायटीने बागेला कुलूप घातलंय. कामाच्या मावशी येत नाहीत, म्हणून दिवसभर मी ओट्याशी. रात्री दिवा घालवला की प्रश्न सुरू. कोरोना खिडकीतून येतो का, आजीकडे पोचला का, त्याला डोळे असतात का.

अंगाई, गोष्टी, तळपायाला तेल, कोमट दूध, सगळं करून झालं. ओरडूनही झालं. कुणाकडे काही लागू पडलं असेल तर सांगा. "सगळ्यांकडे असंच चाललंय गं" हे उत्तर सोडून. ते मैत्रिणींच्या ग्रुपवर मुबलक मिळालंय.

टवाळ_कार्टं | १८ एप्रिल २०२०

आमच्याकडे दोष दूरदर्शनचा. रात्री नऊला रामायण, घरातले झाडून सगळे टीव्हीपुढे. दहाला मालिका संपते आणि हॉलमध्ये युद्धकांड सुरू होतं. खराट्याच्या काड्यांचे बाण. रावण कायम मी.

मुग्धा८७ | १८ एप्रिल २०२०

+१. आणि झोपवता झोपवता मलाच झोप लागते. मध्येच जाग येते तर हे कार्टं अंधारात माझा फोन बघत बसलेलं.

नाना_मिरज | १९ एप्रिल २०२०

केतकीताई, मूल नऊला झोपायला हवं असेल तर घर नऊला झोपलं पाहिजे. आमच्या लहानपणी दिवेलागण झाली की हातपाय धुऊन शुभंकरोति, पर्वचा, मग पाढे, मग पान. अंथरूण पडेपर्यंत डोळे मिटायला लागलेले असत. आता घरातली मोठी माणसं रात्री अकराला भजी तळतात आणि मुलाने मात्र झोपावं अशी अपेक्षा.

अवांतर: ५ तारखेला रात्री नऊला दिवे घालवून पणत्या लावायच्या होत्या. आमच्या गल्लीत लोकांनी फटाके उडवले. धाकटा नातू गाढ झोपला होता, तो दचकून उठला आणि पहाटेपर्यंत कुणाला सोडेना. हे कुणाच्या डोक्यातून निघालं होतं देव जाणे.

निशिगंधा_न्यूजर्सी | १९ एप्रिल २०२०

इथेही डेकेअर बंद, दोघंही घरून काम करतोय, मुलगा अडीच वर्षांचा. तरी तो आठला झोपतो, कारण आम्ही तो सहा महिन्यांचा असतानाच झोपेची सवय लावली. वेगळी खोली, जाड पडदे, बाहेर पडायचं आणि दार लावायचं. दोनतीन रात्री रडला, मग झालं. केतकी, थोडं कठोर व्हावं लागतं.

मुग्धा८७ | १९ एप्रिल २०२०

साडेतीन वर्षांच्या मुलीला आत्ता, या दिवसांत, एकटीला रडू द्यायचं? बाहेर ॲम्ब्युलन्सचे भोंगे चाललेत. आणि वेगळी खोली कुठली? त्या खोलीत तिचा बाप कॉलवर आहे.

निशिगंधा_न्यूजर्सी | १९ एप्रिल २०२०

मी आमच्याकडचं सांगितलं, आदेश दिला नाही. भोंगे इथेही आहेत, भरपूर आहेत.

बालवैद्य_नाशिक | १९ एप्रिल २०२०

सध्या दवाखान्यात येणाऱ्या फोनांपैकी निम्मे याच विषयाचे असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

केतकीताई, आधी हिशोब करू. एकला झोपून दहाला उठते म्हणजे नऊ तास, दुपारचे दोन, एकूण अकरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे आकडे दिलेत त्यात ३ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १० ते १३ तास झोप हवी असं म्हटलंय, दुपारची धरून. १ ते २ वर्षांच्यांना ११ ते १४. म्हणजे तुमच्या मुलीची झोप कमी झालेली नाही, जागची हललीय. हाल तुमचे होताहेत, तिचे कमी. हे आधी कळलं की अर्धी चिडचिड कमी होते.

आता हलली का? झोप यायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, जागं राहून साठलेला थकवा. दुसरी, शरीराचं घड्याळ, जे मुख्यतः उजेडावर चालतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की घड्याळ लागतं आणि संध्याकाळी अंधार पडला की मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, वाढायला लागतं. मार्चपर्यंत तुमच्या मुलीच्या घड्याळाला किल्ली देणारी बरीच माणसं होती. रिक्षावाले काका, शाळेतल्या बाई, खाली खेळणारी पोरं. ती सगळी एका आठवड्यात गायब झाली. शिवाय घरात बसून थकवा साठत नाही, आणि जो साठतो तो संध्याकाळी सहापर्यंतच्या झोपेत उतरून जातो. मग साडेनऊला ती झोपणार कशी?

तुम्ही रात्रीचं टोक धरून ओढताय. ते टोक आपल्या हातात नसतं. मूल कधी झोपेल हे ठरवता येत नाही, कधी उठवायचं हे येतं. तेव्हा सकाळ धरा. उद्या साडेनऊला उठवा, दोनतीन दिवसांनी नऊला, असं आठपर्यंत या. उठल्या उठल्या खिडकीशी किंवा बाल्कनीत न्या, दूध-पोळी तिथेच. रात्री कितीही वाजता झोपली तरी उठायची वेळ हलवायची नाही, रविवारीही नाही. दुपारची झोप एकदीडला, आणि साडेतीनला उठवायचं. रडेल. रडू दे, तुमच्या मांडीवर. पहिला आठवडा वाईट जातो, मग रात्र आपोआप मागे यायला लागते.

संध्याकाळी साडेसातनंतर ट्यूबलाइट नको, एखादा पिवळा बल्ब पुरे. लहान मुलांचे डोळे उजेडाला आपल्यापेक्षा फार हळवे असतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या एका प्रयोगात ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधी तासभर लख्ख उजेडात खेळवलं, तर मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी खाली आलं आणि दिवा घालवल्यावरही लगेच वर चढलं नाही. दहाच मुलं होती, तेव्हा आकडा घोकू नका, पण दिशा पक्की आहे. फोनचं सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी बोलत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध पाजू नका. "चमचाभर दिलं की छान झोपतो" असं मला आयाच नव्हे, शिकलेले बापही सांगतात. त्या औषधांनी गुंगी येते, लहान बाळांचा श्वास मंदावू शकतो, काही मुलं उलट जास्त चेकाळतात. जायफळाचंही तेच. बाळगुटीत एखादा वेढा उगाळणं वेगळं, झोपत नाही म्हणून रोज वाढवत नेणं वेगळं. जास्त जायफळ विषारी असतं.

लालबागकर | २० एप्रिल २०२०

डॉक्टरसाहेब, तुमचं सगळं पटलं, पण हे ज्याच्याकडे बाल्कनी आहे त्याच्यासाठी. आमची खोली १० बाय १२. आईवडील, आम्ही दोघं, दोन मुलं, आणि भाऊ, जो एरवी रात्रपाळीला असायचा म्हणून जागा पुरायची. आता कंपनी बंद, तोही घरात. मुलं दिवसभर चाळीच्या गॅलरीत हुंदडायची. वरच्या मजल्यावर एक पेशंट निघाला आणि गॅलरीत उभं राहायलाही बंदी. सकाळी सार्वजनिक संडासाला बाहेर पडतात तेवढाच त्यांना उजेड. पिवळा बल्ब लावू, पण वडिलांना पेपर वाचायचा असतो, आईला देवाचं म्हणायचं असतं, आणि भाऊ बातम्या बघत मृतांचे आकडे मोठ्याने सांगतो. धाकटी पाच वर्षांची आहे, ती ते आकडे पाठ म्हणते.

बालवैद्य_नाशिक | २० एप्रिल २०२०

तुमचं म्हणणं बरोबर आहे. शांतता आणि अंधार ही चैन आहे, तुमच्याकडून ती मागण्यात अर्थ नाही. पण क्रम फुकट आहे. जेवण, दात, अंथरूण, एक गोष्ट, ह्याच ओळीत, त्याच वेळी, गोंगाटातसुद्धा. चाळीतली मुलं आवाजात झोपतातच, त्यांना अडचण होते ती रोज वेगळं काहीतरी घडल्याने. आणि बातम्या मात्र मुलं झोपेपर्यंत बंद. इथे भावाला ऐकवा, माझं नाव सांगून.

लालबागकर | २३ एप्रिल २०२०

पोटमाळ्यावरचं सामान काढून पोरांना वर जागा केली. आईची नऊवारी पडदा म्हणून बांधली, छोटा पंखा लावला. उकडतं, पण ते त्यांचं घर झालंय, आठ वाजता स्वतःहून शिडी चढतात. भाऊ आता बातम्या मोबाइलवर हेडफोन लावून बघतो. आकडे तरी तोच सांगतो, पण हळू.

पांढरी_टोपी | २६ एप्रिल २०२०

मी स्टाफ नर्स आहे, पुण्यात. कोविड वॉर्डला ड्यूटी लागल्यापासून हॉस्टेलवर राहते, ड्यूटी संपली की क्वारंटाइन, मग पुन्हा ड्यूटी. मुलगा दोन वर्षांचा व्हायचाय, सासूबाईंकडे आहे. घर इथून चार किलोमीटरवर.

रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करते. मला बघितलं की हसतो, मग फोन हातात घेऊन उलटा करतो आणि मागे बघतो. मागे मी नसते. मग जे रडू सुरू होतं ते तासभर. सासूबाई म्हणतात, नको करूस फोन. मी म्हणते, नाही केला तर विसरेल मला. रात्री तीनचार वेळा उठतो, दिवसाही झोपत नाही. वजन उतरलंय असं वाटतं, पण फोनवर काय कळणार?

मुग्धा८७ | २६ एप्रिल २०२०

काय लिहू कळत नाही गं. विपू (विचारपूस) केली आहे, तुझ्या पानावर बघ.

बालवैद्य_नाशिक | २६ एप्रिल २०२०

ताई, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. फोन करा, पण रात्री नको. सकाळी आंघोळ झाल्यावर किंवा दुपारी झोपून उठल्यावर करा, पोट भरलेलं असताना. त्या वेळी रडला तरी सावरायला पूर्ण दिवस असतो. या वयात तुम्ही रात्री न दिसणं तो सोसू शकतो, दिसून जवळ न येणं त्याला उमगत नाही. विसरण्याची भीती काढून टाका, विसरत नाही.

तुमची वापरलेली, न धुतलेली एखादी ओढणी किंवा गाऊन घरी असेल तर तो सासूबाईंनी उशाशी घ्यावा. हॉस्टेलवरून काही पाठवू नका, कपाटातलं जुनं चालेल. रात्री झोपवणारं माणूस एकच असू दे. आज आजी, उद्या बाबा, परवा आत्या असं नको. तो उठला की उचलून फिरवू नये, अंथरुणातच थोपटावं. वजन जवळच्या दवाखान्यात एकदा करून घ्या म्हणजे जिवाला घोर नाही. आणि हो, तुम्ही परत गेलात की कदाचित तो तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही, तोंड फिरवेल. मनाला लावून घेऊ नका, काही दिवसांनी बिलगेल.

पांढरी_टोपी | ९ मे २०२०

दुपारी फोन करते आता. रात्री एकदाच उठतो म्हणाल्या. माझा जुना मॅक्सी गाऊन घेऊन झोपतो आणि त्याचं बटण तोंडात धरतो. ते बटण काढून टाकायला सांगितलंय, गिळलं तर पंचाईत.

केतकी_ठाणे | ९ मे २०२०

अपडेट: आठला उठते, साडेदहापर्यंत झोपते. साडेनऊ झालेलं नाही, पण एक वाजायचा त्यापुढे हे स्वर्गच. नवरा साडेआठला दहा मिनिटं कॉल म्यूट करून येतो, पाणी पाजतो, परत जातो. क्लायंटला सांगून टाकलंय, त्याच्याही घरी दोन पोरं आहेत. कोरोनाला डोळे नसतात हे नक्की सांगितल्यावर तो प्रश्न बंद झाला. कसं काय ते विचारू नका.

रानफूल | ११ मे २०२०

वेगळा प्रश्न. मुलगा चार वर्षांचा. झोपल्यावर दीडदोन तासांनी एकदम किंचाळत उठून बसतो. डोळे सताड उघडे, घामाने चिंब, मला ओळखत नाही, ढकलतो. दहा मिनिटांनी आडवा होऊन झोपतो. सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही. आई दृष्ट काढते रोज. बाहेरचं काही नाही ना, असं आता मलाही वाटायला लागलंय.

बालवैद्य_नाशिक | ११ मे २०२०

बाहेरचं काही नाही. मेंदूचा एक भाग गाढ झोपेतून अर्धवट जागा होतो, तेव्हा असं होतं. रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच येतं. तो जागा नसतो, म्हणून ओळखत नाही. हलवून जागं करू नका, पाणी मारू नका. आजूबाजूचं टोकदार काढा, शेजारी बसून राहा. झोप अपुरी पडलेल्या, अतिदमलेल्या मुलांत आणि ताप आला की हे वाढतं, तेव्हा त्याला अर्धा तास लवकर झोपवून बघा.

वाईट स्वप्न वेगळं. ते पहाटेकडे पडतं, मूल पूर्ण जागं होतं, तुम्हाला बिलगतं, काय दिसलं ते सांगतं. तिथे जवळ घ्यायचं.

एकाच रात्री बऱ्याच वेळा झालं, हातपाय ठरावीक लयीत झटकले, जीभ चावली, किंवा घोरताना मध्येच श्वास थांबतोय असं वाटलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दृष्ट काढायला हरकत नाही, मोहरी-मिठाचा धूर फक्त मुलापासून लांब.

दापोलीकर | २८ जून २०२०

धागा आज वाचला, कारण रेंज आजच आली. ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. तेव्हापासून गावात वीज नाही, अजून नाही. खांब आडवे, वाडीतल्या पोफळी मुळासकट गेल्या, कौलांच्या जागी ताडपत्री.

डॉक्टरांचा उजेडाचा मुद्दा आमच्याकडे न मागता सिद्ध झाला. टीव्ही नाही, मोबाइल मेलेला, रॉकेलची चिमणी सातला लावायची आणि जेवणं झाली की फुंकायची. लॉकडाऊनमध्ये बारापर्यंत जागणारी दोन्ही पोरं साडेसातला आडवी होतात आणि कोंबड्याबरोबर उठतात. पण थोडा वारा सुटला, ताडपत्री फडफडली, की धाकटा कानांवर हात ठेवून भिंतीशी सरकतो आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. झोप लवकर येते, टिकत नाही. तेव्हा उजेडाने सगळं होतं असं नाही.

चाकरमानी_विरार | २९ जून २०२०

दापोलीकर, काळजी घ्या. आम्ही मे महिन्यात गावी आलो तेव्हा घरी न सोडता आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. पहिलीचा वर्ग, बाकं भिंतीला लावलेली, जमिनीवर सतरंजी. विंचवा-सापाच्या भीतीने रात्रभर दिवा चालू. घरून भाकरी-पिठलं गेटपर्यंत यायचं. मला वाटलं पोरं झोपणारच नाहीत. पण विरारच्या खोलीत किरकिरणारी पोरं तिथे दिवा चालू असताना ढाराढूर. दिवसभर शाळेच्या पटांगणात धावत होती ना. झोप आमचीच उडाली होती, समोर आमचं घर दिसायचं आणि जाता येत नव्हतं.

मुग्धा८७ | २४ जुलै २०२०

ऑनलाइन शिक्षणाबद्दल केंद्राच्या 'प्रज्ञाता' नावाच्या सूचना आल्यात, बालवाडीच्या मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त ऑनलाइन नको, आणि तेही पालकांशी बोलायला. आमची शाळा तरी सकाळी नऊला पोरांना कॅमेऱ्यापुढे बसवते. चिडले होते, पण त्या निमित्ताने साडेआठला उठतो. म्हणून गप्प बसलेय.

टवाळ_कार्टं | २४ जुलै २०२०

आमचा युवराज म्यूट करून तिथेच झोपतो.

सई_नागपूर | ३० एप्रिल २०२१

जुना धागा वर काढतेय.

मागच्या आठवड्यात सासूबाई गेल्या. बेडसाठी फिरलो, मिळाला तोवर उशीर झाला होता. तिथूनच परस्पर घाटावर नेलं, घरी आणलं नाही. मुलगा पाच वर्षांचा. रोज त्यांच्याच कुशीत झोपायचा. नातेवाइकांपैकी कुणीतरी फोनवर त्याला सांगितलं, आजी शांत झोपली आहे, आता उठणार नाही.

तेव्हापासून तो झोपायला तयार नाही. डोळे मिटायला लागले की स्वतःला चिमटे काढतो. आम्ही दोघंही पॉझिटिव्ह होतो, आत्ताच बरे झालोय, घरात ऑक्सिमीटर आहे. रात्री तो आम्हा दोघांच्या बोटाला लावतो, आकडा बघतो, मग स्वतःच्या. सत्त्याण्णव आला की आडवा होतो, दहा मिनिटांनी पुन्हा उठून लावतो. नवऱ्याचा डोळा लागला की त्याच्या नाकाशी बोट धरतो.

नाना_मिरज | ३० एप्रिल २०२१

पोरी, फार वाईट झालं. आमच्या घरातही या महिन्यात दोन माणसं गेली. लहानांपुढे कसं बोलावं हे आम्हा म्हाताऱ्यांना कधी कुणी शिकवलंच नाही. देवाघरी गेली, तारा झाली, झोपली, असंच सांगत आलो.

बालवैद्य_नाशिक | १ मे २०२१

सईताई, तो तर्काला धरून वागतोय. त्याला जे सांगितलं गेलं ते त्याने खरं मानलं. आजी झोपली आणि उठली नाही, मग झोपणं धोक्याचं. आता आधी ती गाठ सोडवा. दिवसा, उजेडात, दोघांनी मिळून सांगा. आजी वारली. तिचं शरीर आजाराने बंद पडलं, हृदय थांबलं, श्वास थांबला, ती परत येणार नाही. ती झोपली नव्हती. झोपेत श्वास चालू असतो, हे बघ, हात ठेव माझ्या छातीवर. तो हेच पुन्हा पुन्हा विचारेल, दरवेळी हेच उत्तर द्या. तुम्हाला रडू आलं तर रडा, लपवू नका.

ऑक्सिमीटर एकदम काढून घेऊ नका. झोपायच्या आधी सगळ्यांचे आकडे एकदा बघायचे, तो वहीत लिहील, मग यंत्र बाबांच्या कपाटात. काही दिवसांनी तो स्वतःच विसरेल. सध्या त्याला तुमच्या दोघांच्या मध्ये झोपवा. एकट्याने झोपायची सवय, शिस्त, हे सगळं नंतर बघू. आजीची गोधडी असेल तर त्याला द्या, तिच्याबद्दल बोला. महिनाभराने खाणं, खेळणं, झोप यांत काहीच फरक नसेल तर बालमानसतज्ज्ञांना फोन करा, बरेच जण सध्या ऑनलाइन बघतात.

पांढरी_टोपी | २ मे २०२१

सई, मी पुन्हा वॉर्डात आहे, या वेळी घरून जाऊन येऊन. तुला एवढंच सांगते, ज्यांना घरच्यांना भेटता येत नव्हतं त्यांचा हात आम्ही कुणी ना कुणी धरत होतो. सगळ्यांचा नाही जमला, पण धरत होतो.

सई_नागपूर | १९ मे २०२१

सांगितलं. खूप रडला, मग विचारलं की आजीचा चष्मा कुठे आहे. चष्मा त्याच्या उशाखाली आहे. वही चालू आहे, काल लिहायला कंटाळला. आमच्या मध्ये झोपतो, लाथा मारतो.

नवी_आई_वाकड | २५ जानेवारी २०२२

शाळा बालवाडीसकट सुरू करायला राज्याने काल, २४ पासून परवानगी दिली, आमच्या महापालिकेचाही निर्णय येईलच. मुलगी चार वर्षांची, नऊला उठते, तिने खरी शाळा पाहिलेलीच नाही. व्हॅन पावणेआठला येईल म्हणे. एवढ्या कमी दिवसांत कसं जमवू?

बालवैद्य_नाशिक | २५ जानेवारी २०२२

रोज पंधरा मिनिटं लवकर उठवा, आजपासूनच, शाळेची तारीख कळायची वाट न बघता. जानेवारीत साडेसहाला अंधार असतो, तेव्हा उठल्यावर घरातले सगळे दिवे लावा. पहिले पंधरा दिवस शाळेतून आल्यावर तासभर झोपली तर झोपू द्या, तीनच्या आत उठवा. व्हॅनमध्ये झोप लागली तर ती दुपारच्या झोपेत धरायची.